तारण राहिलेला गुज्जर

भंवर, हमदचा फोन आला तेव्हा मी अल मवालेहच्या भाजीबाजारात कोबीच्या पाल्यावरून एका आडत्याशी भांडत होतो. तुला माहीत आहे, हमद फोनवर लगेच मुद्द्यावर येत नाही. तब्येत कशी, घर कसं, पोरं कशी, पुन्हा एकदा तब्येत कशी, आणि मग काम. त्या सकाळी तो एवढंच बोलला, "तेरा आदमी चला गया."

तुझा माणूस. म्हणजे माझा. हमदच्या तोंडून हे दोन शब्द ऐकायला मी किती वर्षं टपून बसलो होतो! त्यामुळे मला आधी आनंदच झाला. वाटलं, तुझं त्या म्हाताऱ्या हमदशी वाजलं आणि तू निघालास. मी विचारलं, "कुठे गेला? दुक्मला?" कारण त्या दिवसांत जो तो नव्या बंदराच्या कामावर दुक्मलाच पळत होता. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मागे गाय हंबरत होती. मग मला कळलं.

विमानतळावर तुझी पेटी सोडायला आम्ही दोघंच होतो. एका बाजूला हमद, एका बाजूला मी. तुझ्या बायकोला फोन मी केला. तिने एकच विचारलं, "गायांकने ही था के?" गाईंजवळच होतास का? मी म्हटलं, हो, गोठ्यातच, बादली हातात होती, फार त्रास झाला नाही. ती म्हणाली, मग ठीक. हे 'मग ठीक' मला अजून पचलेलं नाही. पण तुम्हा लोकांचं बरंच काही मला पचायला वेळ लागला आहे.

तुला मराठी वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही. पण तुझ्याशी हिंदीत भांडून मी कधी जिंकलो नाही. तेव्हा एकदा माझ्या भाषेत.

तुला मी आणला, ही गोष्ट पहिली. टोंककडच्या कुठल्याशा गावातला गुज्जर, विमानातून उतरला तो डोक्याला लाल फेटा आणि पायात कातडी जोडे. बरका ह्या किनाऱ्यावरच्या गावाच्या आतल्या अंगाला मी हमदची जमीन खंडाने घेतली होती, तिथे लसूणघास लावला होता, आणि तो कापायला मला माणूस पाहिजे होता. मी स्वतः ह्या आखाती देशात आलो तो बाजारात पेट्या उचलायला. फेकून दिलेला कोबी-फ्लॉवरचा पाला गोळा करून शेळ्या पाळणाऱ्यांना विकायला लागलो, त्यातून वैरणीचा धंदा उभा केला. कोणी हात धरून शिकवलं नाही. म्हणून कामाला आणलेल्या माणसाने पहिल्या दिवशी मला शिकवायला सुरुवात केली की माझं डोकं फिरतं.

तू घासाची एक काडी तोडलीस, चावलीस, थुंकलीस. म्हणालास, "सेठां, खारो है."

"तुला खायला नाही लावलाय," मी म्हटलं.

"ज्याला लावलाय तो बोलत नाही, म्हणून मी बोलतो."

आणि पुढे म्हणालास, हा ओला विकू नका, एक ऊन दाखवून विका. ओला लसूणघास पोटभर खाल्ला की जनावराचं पोट फुगतं. मला काय ते माहीत नव्हतं? आटपाडीकडचा माणूस आहे मी. पण वैरण वजनावर जाते, आणि ऊन दाखवलं की पाणी जातं आणि पाण्याबरोबर वजन जातं. हे तुला समजावून सांगितलं. तू नीट ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "मग तुम्ही घास विकता का पाणी?"

पहिल्याच आठवड्यात मी तुला दोनदा परत पाठवायचं ठरवलं होतं.

पण कुतूहल ही वाईट गोष्ट आहे. संध्याकाळी काम संपलं की तू बांधाबांधाने फिरायचास आणि मी गाडीत बसून बघायचो. परक्या मुलखात आलेला माणूस भेदरलेला असतो. तू मात्र लग्नाच्या मांडवात नातेवाईक शोधावेत तसा हिंडत होतास. वाटेकडेची रुई दिसली, तिला 'आकडो' म्हणून हाक मारलीस. वाळूत पसरलेला कडू इंद्रावणाचा वेल दिसला, त्याचं पिवळं फळ हातात घेऊन "तुंबो! तुंबो!" करत नाचलास. इथले लोक त्याला हंदल म्हणतात आणि तेही जनावराच्या औषधालाच वापरतात, हे मी तुला सांगितलं तर तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू इथल्या लोकांनी तुझ्या आजोबांच्या पेटीतून काही चोरलंय. रुईचं पान तेल लावून शेकायचं आणि सुजलेल्या गुडघ्यावर बांधायचं. इंद्रावण, ओवा आणि काळं मीठ एकत्र मुरवून अपचनावर द्यायचं, पण किती द्यायचं ते जनावर बघून. "बघून म्हणजे काय बघून?" मी विचारायचो. तू म्हणायचास, "बघून म्हणजे बघून." धंद्यातला माणूस अशा उत्तरावर समाधान मानत नाही. मी पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. आता सुचतं की तुलाही ते शब्दांत सांगता येत नसावं, आणि ते कबूल करण्यापेक्षा मला चिडवणं तुला सोपं वाटत असावं.

मग ते गाफचं झाड.

हमदच्या जमिनीच्या कडेला उभं असलेलं ते जुनं झाड मी रोज बघत होतो आणि मला कधी काही वाटलं नव्हतं. तू बघितलंस आणि ओळखलंस: खेजडी. तुमच्याकडे थंडी पडली की खेजडीवर चढायचं, सगळ्या फांद्या छाटायच्या, शेंड्याला एक ठेवायची, आणि पाला सुकवून वर्षभर शेळ्या-गाईंना घालायचा. दरवर्षी. जो छाटत नाही तो आळशी, त्याच्या घरी मुलगी देत नाहीत, असं तूच सांगितलंस. इथे थंडी पडली. मी बाजारात होतो. तू कुऱ्हाड घेऊन वर चढलास.

दुपारी पोचलो तेव्हा झाडाचा खांब झाला होता. खाली माझी ताडपत्री अंथरून तू पाला उन्हात घातला होतास आणि कपाळ पुसत हसत होतास. बक्षीस मिळेल म्हणून. तुला कसं सांगू की इथे गाफला कोणी कुऱ्हाड लावत नाही? काठीने हलवून पाला पाडतात, शेंगा वेचतात, सावलीत बसतात. त्याच झाडाखाली हमदची आई शेळ्या बांधायची, त्याच झाडाच्या बुंध्याला टेकून तो रोज दुपारची नमाज होईपर्यंत पडायचा.

त्याच्या मजलिसमधली, त्या पाहुण्यांच्या खोलीतली ती बैठक मी आयुष्यात केलेल्या बोलण्यांमधली सगळ्यात अवघड बैठक होती. हे तू कधी मानलं नाहीस. समोर कहवा आणि खजूर, आणि हमदने कशाला हात लावला नव्हता. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या: माझा खंड रद्द, आणि तू पुढच्या विमानात. माझा सगळा घास त्या जमिनीवर. ती गेली की मी पुन्हा कोबीचा पाला वेचायला मोकळा. मी सुरुवात चांगली केली होती. माणूस नवा आहे, चूक झाली, माफी मागतो. हमदचा चेहरा किंचित सैल झाला होता. तेवढ्यात तू तोंड उघडलंस.

"माफी कशाची? न्हाव्याने केस कापले तर माफी मागतो का?"

हमद हिंदी बोलतो हे तुला तेव्हा माहीत नव्हतं. तो ताडकन उभा राहिला. "गर्दन काट दिया, बाल बोलता है!"

"गर्दन नहीं काटी, अर्बाब, मालक. फुटेगी. पहिल्यापेक्षा दाट फुटेल. नाही फुटली तर मला इथेच पुरा."

"तुला कशाला पुरू? माझी जमीन खराब करू?"

मी दोघांना खाली बसवलं. आणि त्या भडक्यातून मी सौदा काढला, भंवर, तुझ्या त्या मूर्ख बढाईतूनच काढला. म्हटलं, ठीक आहे, झाडच सांगू दे. खजुराच्या घडांना रंग चढेपर्यंत थांबू. तोवर झाड हिरवं झालं तर माझा खंड कायम आणि हा माणूस कायम. नाही झालं तर जमीन तुझी, आणि याला मी स्वतः विमानात बसवतो. हमदने दाढी कुरवाळली आणि एक अट घातली: तोवर हा माणूस माझ्यापाशी राहील, माझ्या नजरेसमोर. मी म्हटलं, खलास, ठरलं. हात मिळवला.

तुला तारण ठेवला. तू नंतर मला शंभरदा ऐकवलंस, की सेठां, बैल विकतानासुद्धा त्याच्या पाठीवर हात फिरवतात, तुम्ही मला न विचारताच दावं दुसऱ्याच्या हातात दिलंत. विचारून काय झालं असतं? तू आणखी काहीतरी बोलला असतास आणि होतं तेही गेलं असतं. मी आजही म्हणतो, त्या परिस्थितीत त्याहून चांगला सौदा कोणी करून दाखवावा.

उन्हाळा चढला आणि झाड फुटलं. असं फुटलं की खोडापासून कोवळ्या तांबूस फुटव्यांचे झुबके, वर हिरवी टोपी. फक्त समुद्राच्या बाजूची एक जाड फांदी वाळली. बाकी सगळं तुझ्या शब्दाप्रमाणे. मी हमदला झाडाखाली उभं केलं आणि म्हटलं, बघ. तो फिरून फिरून बघत राहिला आणि त्या एकाच फांदीकडे बोट दाखवत राहिला. पण शब्द पाळणारा माणूस. म्हणाला, जमीन तुझी, माणूस तुझा.

मी हमदच्या गोठ्यात आलो. म्हटलं, "यल्ला भंवर, चल. सुटलास."

तू एका गाभण शेळीच्या पोटाला डाव्या बाजूने कान लावून बसला होतास. हाताने मला गप्प राहायची खूण केलीस. मी गप्प राहिलो! माझ्याच माणसाने मला गप्प केलं आणि मी उभा राहिलो. तुझं ऐकून झालं तेव्हा तू म्हणालास, "सेठां, मी इथेच राहतो. इथे जनावरं आहेत. तुमच्याकडे वजनकाटा आहे."

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. तूही काही कमी बोलला नाहीस. तारण सोडवायला जावं आणि तारणानेच नकार द्यावा, असा प्रकार माझ्या धंद्यात ना त्याआधी घडला, ना त्यानंतर. मला कारण हवं होतं. हमदने जास्त काय दिलं, हे मी आडून आडून काढलं. जास्त काहीच नाही. तेच जेवण, तेवढीच खोली. मग का? प्रत्येक माणसाला कशाची तरी भूल असते आणि ती ओळखली की सौदा होतो, ह्यावर मी उभा आहे. तुझी मला ओळखता येईना. म्हणून त्या आठवड्यापासून हमदकडचा घास पोचवायला मी ड्रायव्हर पाठवणं बंद केलं. स्वतः जाऊ लागलो. दर गुरुवारी. तुझ्यावर राग म्हणून, आणि बघायला म्हणून.

आणि काय काय बघायला मिळालं!

सुक्या तारल्यांचा दिवस आठवतो? इकडे समुद्राकाठी गाईला वाळवलेली तारली खजुरात शिजवून घालतात. हमदने ते पातेलं गाईपुढे ठेवलं आणि ती जिभल्या चाटत खाऊ लागली. तू दोन्ही कानांवर हात ठेवून भिंतीला टेकलास. मी एवढं पोट धरून कधी हसलो नव्हतो. तू त्या गाईचं दूध चहातसुद्धा घ्यायचं सोडलंस. हमद म्हणायचा, "अरे, पूछो गाय को! वह मना करती है क्या?" तू म्हणायचास, तिला तिच्या आईने शिकवलं नाही, बिचारीला. मग कुठल्याशा दिवशी मला दिसलं की तूच ते पातेलं ढवळतो आहेस, तोंड दुसरीकडे करून, नाकाला फेट्याचं टोक लावून. मी विचारलं, हे काय? म्हणालास, व्यायल्यानंतर तिच्यात ताकद भरत नव्हती, आता भरते. मी पीत नाही, पण तिचं का अडवू?

आणि अमावस्या. गुज्जर अमावस्येला दूध विकत नाही, विरजणही लावत नाही. जे निघेल ते वासरांचं, उरलं तर खीर. हे तू हमदला सांगितलंस आणि मला वाटलं, आता मात्र म्हातारा याला हाकलणार. हमदकडून रोज दूध नेणारी चार घरं ठरलेली होती. पण चंद्र हा हमदचाही विषय निघाला. त्याला महिन्याची कोर दिसायची घाई, तुला आदल्या काळोखाची. संध्याकाळी दोघं बांधावर उभे राहून आकाशाकडे बघत वाद घालायचे. आज की उद्या. दोघांचेही डोळे अधू, दोघांनाही पूर्ण खात्री. शेवटी त्या घरांनाच कळलं की महिन्यातून एक दिवस हमदच्या गाईचं दूध येत नाही. कोणी विचारलं तर हमद सांगायचा, "आज गाय का जुम्मा है."

मला राग यायचा, भंवर. खोटं का बोलू? आयुष्यभर मी दोन माणसांच्या मध्ये बसून जगलो. एकाला दुसऱ्याचं बोलणं पटवून द्यायचं, दोघांनाही वाटायला लावायचं की आपण जिंकलो, हे माझं काम. आणि इथे तुम्ही दोघं, धर्म वेगळा, मुलूख वेगळा, भाषा निम्मीशिम्मी, आणि तुम्हाला मधल्या माणसाची गरजच नव्हती. लंगडणाऱ्या गाईला डाग कुठे द्यायचा यावर तुम्ही अख्खी दुपार भांडायचात. तो म्हणे खांद्यामागे, तू म्हणे मांडीवर. गाय दोघांकडे आळीपाळीने बघायची. मी तोडगा काढायला जायचो की तुम्ही दोघं मिळून माझ्यावर खेकसायचात.

तू चुकायचास, हेही लिहून ठेवतो, नाहीतर लोक तुला साधू करतील. ती काळी शेळी धापा टाकत होती तेव्हा मी म्हणत होतो, डॉक्टर बोलवा. तू म्हणालास, धुरी. हमद म्हणाला, डाग. धुरी की डाग हे ठरेपर्यंत ती गेली. तू तिच्याजवळून उठला नाहीस, जेवला नाहीस. पुढच्या खेपेला तशीच धाप दुसऱ्या शेळीला लागली तर तूच फोन हातात घेऊन धावत आलास, डॉक्टरला लावा. त्याने सुई दिली आणि तो वळल्यावर तू धुरीही दिलीस. शेळी उठली. तेव्हा तू आणि हमद, सुईचं नाव न घेता, धुरीचा धूर जास्त होता की कमी, यावर भांडू लागलात.

फक्त निझव्याला माझी गरज पडायची. शुक्रवारी सकाळी तिथल्या जनावरांच्या बाजारात विकणारे शेळ्या घेऊन गोल फिरतात आणि घेणारे भोवती बसतात. आवडलं जनावर की हाक मारून थांबवायचं, दात बघायचे, कास बघायची, आणि बोली. हमदला बोली करायची लाज वाटते, त्याचं घराणं मोठं. आणि तू? तुला शेळी आवडली की तुझा चेहरा उजळायचा. मी आधी बजावून ठेवायचो, आवडली तर कान खाजव, चेहरा मेल्यासारखा ठेव. तू कान खाजवायचास आणि वर दात काढून हसायचास. विकणारा ते बघून ताठ व्हायचा. एकदा मी कंटाळून तुझा फेटा ओढून तुझ्या तोंडावर आणला होता. तू तशाच झाकल्या तोंडाने शेळीच्या तोंडाजवळ नाक नेलंस, वास घेतलास, आणि आतून आवाज आला, "घ्या सेठां, रवंथ गोड आहे." अख्खा बाजार हसला. आणि तरीही मी ती शेळी मला हवी त्या भावात घेतली. परतीच्या वाटेवर तुम्ही दोघं मागे शेळीला धरून बसला होतात आणि मी गाडी चालवत होतो, आणि त्या वेळी मला कशाचाच राग नव्हता. हे तुला तेव्हा सांगायला हवं होतं, पण तू लगेच त्यावर काहीतरी बोलला असतास.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही. माझ्या घासाला मी आता एक ऊन दाखवतो. गिऱ्हाईकं तोच मागतात. हे तुला कळलं होतं की नाही, कोण जाणे. गुरुवारी मी भारे उतरवायचो तेव्हा तू एक काडी चावायचास आणि काही बोलायचा नाहीस. थुंकतही नव्हतास.

पण सगळ्यात लांबलेलं भांडण त्या वाळलेल्या फांदीचं. हमद म्हणायचा, तुझ्या कुऱ्हाडीने मारली. तू म्हणायचास, ती आधीच पोकळ होती. पुढच्या महिन्यात म्हणायचास, समुद्राचं खारं वारं लागलं. मग म्हणायचास, अर्बाबच्या उंटाने अंग घासलं. एकदा म्हणालास, अर्बाब सारखा तिच्याकडे डोळे वटारून बघतो, कशी जगेल? मी कायम हमदची बाजू घ्यायचो. मला फांदीशी काय देणं? तुझ्या विरुद्ध बोलायला मिळतं म्हणून घ्यायचो. एकदा त्या झाडाखाली बसलो असताना मी म्हटलं, हे आमचं सौंदड, पोथीत याला शमी म्हणतात, दसऱ्याला पूजा करतो, गणपतीला पानं वाहतो. तू विचारलंस, "आणि जनावराला?" मी म्हटलं, जनावराला नाही, देवाला. तू हमदकडे पाहिलंस, हमदने तुझ्याकडे. मग तू मान हलवत म्हणालास, "देवाच्या पोटात जाऊन काय दूध होणार आहे?" आणि तुम्ही दोघं माझ्यावर हसलात.

त्यानंतर दर थंडीत तू विचारायचास, छाटू? हमद दर थंडीत म्हणायचा, नाही. तू पुन्हा विचारायचास, कोवळा पाला वर वाया जातोय. तो म्हणायचा, जाऊ दे. वाद तिथेच राहिला. ह्या वर्षीची थंडी आता कुठे सुरू होत होती.

विमानतळावरून आम्ही दोघं माझ्या गाडीतून परत आलो. शेतावर उतरलो तर हमद घराकडे न जाता झाडाकडे गेला. मीही गेलो. तो बुंध्याला हात लावून उभा राहिला आणि म्हणाला, "काट लो. कोणी माणूस बोलवून काट लो. वह सही बोलता था."

भंवर, मला एवढा संताप आला की मी म्हाताऱ्याच्या वयाचाही मुलाहिजा ठेवला नाही. "असं चालणार नाही, अर्बाब," मी म्हटलं. "इतकी वर्षं नाही म्हणालास, आणि आज तो बोलायला नाही म्हणून हो? हा कुठला सौदा? तो समोर असता तर तू एक काडी तोडू दिली असतीस का?"

"नाही."

"मग आजही नाही. हो म्हणायचं तर वादात हरून म्हण. फुकट दिलेलं मी घेत नाही."

"पण वाद कोणाशी घालू?" त्याने विचारलं.

"माझ्याशी घाल. मी त्याच्या बाजूने."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी कधी तुझ्या बाजूने बोललो नव्हतो, हे त्यालाही माहीत होतं. मग त्याने डोळे पुसले, जमिनीवर बसला, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर तो जुना हट्टीपणा परत आला. बोट वर करून त्याने ती फांदी दाखवली. "अच्छा? तो वह सूखी डाली का क्या? बोल."

मी अडकलो. पोकळ होती, खारं वारं, उंट, वटारलेले डोळे, सगळी उत्तरं तू वापरून टाकली होतीस. नवं काही शिल्लक ठेवलं नव्हतंस. मी फांदीकडे बघितलं आणि जे तोंडाला आलं ते बोललो. म्हटलं, "ती त्याने तुझ्यासाठी ठेवली होती. सगळंच झाड फुटलं असतं तर तुम्ही दोघं बोलला काय असतात?"

"झूठ," हमद म्हणाला.

मग गोठ्यातून गाईचा आवाज आला तसा तो गुडघ्यावर हात टेकून उठला. म्हणाला, "पण असलं खोटं तोही बोलला असता."

काल गुरुवार होता. मी घास घेऊन गेलो होतो. म्हटलं, थंडी सरत चालली आहे, कोवळा पाला वर वाया जातोय, छाटू या. हमद आता पुन्हा नाही म्हणतोय.